फळीवरची टकटक

पावलाचा नवरा नात्से वारला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा विंको टोपी हातात धरून तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. सांत्वनाचे शब्द त्याने आदल्या दिवशीच बोलून संपवले होते. आता तो एवढेच म्हणाला, "माश्यांना सांगायचं राहिलंय."

पावलाने अंगावर शाल घेतली. घरामागच्या उतारावर, सफरचंदांच्या झाडांपलीकडे मधमाश्यांचे घर होते. एका खोलीचे, लाकडी, दक्षिणेकडे तोंड करून बसलेले. पुढच्या भिंतीत चौदा पेट्या कपाटाच्या खणांसारख्या तीन ओळींत रचलेल्या, आणि बाहेरून प्रत्येक पेटीच्या तोंडाशी चित्र रंगवलेली एक फळी. माश्यांनी बाहेरून चित्रांखालून ये-जा करायची आणि माणसाने मागच्या दाराने आत शिरून, बाकावर बसून, पेट्यांच्या पाठीकडून आपले काम करायचे, अशी वाटणी. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात आपण या खोलीत किती वेळा पाऊल टाकले हे पावलाने मोजले असते, तर हाताची बोटे उरली असती.

धनी गेला की घरच्या माणसाने प्रत्येक पेटीवर तीनदा टकटक करायची आणि सांगायचे. नाही तर माश्या रुसतात, निघून जातात, नाही तर धन्यामागोमाग मरतात. विंकोने हे सांगायची गरज नव्हती. पावलाच्या माहेरी आजोबा गेले तेव्हा तिच्या आईनेही हेच केले होते. तिने मधले बोट दुमडले, पहिल्या पेटीच्या पाठीवर पेराने तीनदा वाजवले आणि म्हणाली, "नात्से गेला. आता मी आहे. राहा इथंच."

"कान लाव," विंको म्हणाला.

तिने कान लावला. काहीच नाही. एकतीस वर्षे ती खालच्या गावातल्या कापड गिरणीत मागावर उभी होती. मागांनी तिचा डावा कान पुरता नेला होता आणि उजवा अर्धा. तिने पुन्हा वाजवले, जरा जोराने, आणि गालाचे हाड फळीला दाबून धरले. तेव्हा ते आले. कानात नाही, जबड्यात. बारीक थरथर, आतून चढत आलेली, क्षणभर थांबलेली, मग हळूहळू उतरलेली. कुणीतरी आतून "हं" म्हणावे तशी.

पावला बाकावर बसली. विंकोला वाटले तिला रडू आले. रडू आले नव्हते. कुणीतरी आपल्याला उत्तर दिले, याचेच तिला नवल वाटले होते.

नात्से हळू बोलणारा माणूस. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला ते आवडायचे. मग गिरणी आली. गिरणीत माणसे ओरडत, नाही तर एकमेकांच्या ओठांवरून समजून घेत. संध्याकाळी डोक्यात माग घेऊनच ती घरी यायची, आणि नात्से दिवसभराचे काहीतरी सांगू लागला की म्हणायची, "मोठ्यानं बोल. भिंतीशी लग्न केलंय का मी?" तो एकदा मोठ्याने सांगायचा, दुसऱ्यांदा थोडक्यात, तिसऱ्यांदा "काही नाही गं" म्हणायचा. काही वर्षांनी तो पहिल्यांदाच "काही नाही" म्हणू लागला आणि जेवण झाले की उतारावरून खाली जाऊ लागला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला माश्यांच्या घराचे उघडे दार दिसे, त्यात त्याची पाठ, हलणारे डोके. तो बोलत असे. पाठीवरून ओठ वाचता येत नाहीत.

वरच्या ओळीतल्या एका फळीवर सैतान एका बाईची जीभ सहाणेवर धार लावून देतोय असे जुने चित्र होते. पाहुणे आले की नात्से म्हणायचा, हे आमच्या हिचं. पावला लगेच म्हणायची, सहाण झिजली, जीभ तशीच आहे. लोक हसत. तोही हसे. त्या घरात एवढाच संवाद पुरता मोठ्याने होत असे.

ऑक्टोबरात त्याला इस्पितळात ठेवले, तेव्हा एका दुपारी त्याने तिला खुणेने उजव्या बाजूला बोलावले, कानाशी तोंड आणले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितले, "ओढ्याकाठची वाळुंजाची झाडं फुलेपर्यंत माश्यांना काही लागत नाही. कुणी हात लावायचा नाही. बाकीचं त्या बघतील." तिला ते स्पष्ट ऐकू आले होते. पुढे किती तरी वेळा तिने स्वतःला विचारून पाहिले, ऐकण्यात काही राहून तर गेले नसेल? नव्हते राहिले.

माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, उन्हे डोंगराआड जायच्या आत, ती पुन्हा खाली गेली. टकटक म्हणजे काही हात लावणे नव्हे, असे तिने स्वतःला सांगितले.

मग ते रोजचेच झाले. चारच्या सुमाराला कॉफीची कपबशी विसळून ठेवायची, शाल घ्यायची, बर्फातून स्वतःच्याच पावलांच्या खड्ड्यांत पावले टाकत उतरायचे. बाकावर बसून दम खायचा. मग एकेका पेटीशी जाऊन तीनदा वाजवायचे, गाल टेकायचा, थरथर आली की बोलायचे. पाद्रीबुवांच्या घरची शेगडी बिघडली. वरच्या आळीत गाय व्याली, दोन वासरे. माझा गुडघा आज बरा आहे. उत्तर आले नाही तर पुन्हा वाजवायचे, जबड्यात येईपर्यंत. कधी दोनदा पुरे, कधी दहादा. शेजारणी म्हणायच्या, पावला सावरली हो. ती सावरली होतीच. जे तिने इतकी वर्षे ऐकायचे टाळले ते आता रोज दुपारी तिच्या हाडात उतरत होते, आणि ते नात्सेचे काहीतरी आहे याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

सगळ्यात खालच्या ओळीत, कोपऱ्यात तीनच पेट्या होत्या; त्यांच्यापुढे पोळी बांधायच्या जुन्या लाकडी चौकटींची रास होती, आणि पावलाचा उजवा गुडघा वाकत नसे. त्यांना ती बाकावरूनच म्हणायची, "तुम्हीही ऐका."

जानेवारीत तिच्या लक्षात आले की फळ्या हाताला कोमट लागतात. तिला बरे वाटले. नात्सेची पुतणी उर्शा राजधानीत मधमाश्यांच्या प्रयोगशाळेत काम करायची. रविवारी तिचा फोन आला तेव्हा तो उजव्या कानाला घट्ट धरून पावला कौतुकाने म्हणाली, बाहेर एवढी थंडी, पण आपल्या माश्या बघ कशा उबदार बसल्यात, फळ्यांना हात लावला तर कळतं. उर्शाची गडबड चालली होती. ती म्हणाली, "वा, छान."

फेब्रुवारीच्या मध्याला एक दिवस लख्ख ऊन पडले. अशा दिवशी माश्या पोट मोकळे करायला बाहेर येतात, बर्फावर पिवळे ठिपके पडतात आणि त्या आत परततात. या वेळी ठिपके पडले, पण परतणाऱ्या थोड्या. बऱ्याचशा बर्फावरच बसून राहिल्या, दमून रस्त्यातच टेकलेल्या बायांसारख्या. पावलाने दोन-तीन उचलून तळहातावर घेतल्या, त्यांच्यावर फुंकर घातली. एकीने पाय हलवला. तेवढाच.

मार्च लागला तेव्हा अकरा पेट्या गप्प होत्या. तिने पेराने वाजवले, मुठीने वाजवले, शेवटी लाकडी चमच्याने. गाल दुखेपर्यंत फळीला लावला. जबड्यात फक्त तिचीच नाडी लागत होती.

*

गावाने दोष विंकोला दिला. नात्से इस्पितळात असताना माश्यांना लागणाऱ्या गोचिडीसारख्या किडीवरचे औषध त्याच्या पेट्यांना विंकोनेच दिले होते. चर्चसमोरच्या खानावळीत कुणी म्हणाले, त्याचा हात जडच. दुसरा म्हणाला, हात राहू दे, चष्मा घरी विसरतो आणि थेंब मोजायला बसतो. हसण्यावारी सुरू झालेले असे बोलणे हसण्यावारी संपत नाही. विंकोने उलट उत्तर केले असते तर एखादे वेळी संपलेही असते. पण तो घरी गेला, बाटलीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली, बरोबर दिले होते असे त्याला वाटले. दुसऱ्या दिवशी परत वाचली, आणि तिसऱ्या दिवशी त्याला काहीच नक्की वाटेना. गावाच्या मध काढायच्या सामायिक यंत्राची किल्ली बावीस वर्षे त्याच्या दारामागच्या खिळ्याला असे. एका सकाळी त्याने ती नेऊन दुसऱ्याच्या हवाली केली.

तो पावलाकडेही आला. दारातच उभा राहून म्हणाला, "नात्सेच्या आजोबांपासूनचा वंश होता तो. माझ्या हातून गेला. तुला तोंड दाखवायला आलो, पुन्हा येणार नाही."

पावला म्हणाली, "असं काही बोलू नकोस." तो गेल्यावर तिला जाणवले की ते वाक्य खोटे नव्हते आणि पुरेसेही नव्हते. तेव्हा तिला नेमके काही माहीत नव्हते. पण जबड्यातली ती थरथर आठवली की ती हातातले काम दुप्पट जोराने करू लागे, आणि का ते स्वतःला विचारत नसे.

शनिवारी उर्शा आली. मेलेल्या माश्या तिने डब्यांत भरल्या, काही तिथेच स्वयंपाकघराच्या टेबलावर, कॉफीच्या कपांशेजारी, भिंगाखाली चिरून पाहिल्या. एकापाठोपाठ पाच-सहा तिने पाहिल्या. मग तिने भिंग पावलाकडे सरकवले.

"काकू, हे बघ. पोटात इथं, पाठीच्या कातडीखाली, चरबीची पांढरी गादी असायला हवी. हिवाळ्यातल्या माशीची हीच शिदोरी. इथं काहीच नाही. ही मार्चातली माशी वाटतच नाही. जुलैत फुलांवर मरेस्तोवर राबलेली असते ना, तशी आहे."

पावलाला नीट दिसत नव्हते. ती म्हणाली, "पण त्या तर बसूनच होत्या."

उर्शा अशा वेळी शिकवायच्या सुरात जायची. पण काकूसाठी ती तोंड समोर धरून, ओठ स्पष्ट हलवत बोलायची, म्हणून पावलाला तिचे सगळे कळे. तिने सांगितले की उन्हाळ्यातली माशी पाच-सहा आठवडे जगते आणि हिवाळ्यातली सहा महिने. आई एकच, वंश एकच. फरक खर्चाचा. माशीच्या अंगातल्या कणाकणात डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या भट्ट्या असतात. त्यांत मध जळतो आणि त्यातून उडायला, ऊब करायला बळ मिळते. उडताना त्या धडधडून पेटतात, आणि जळता जळता भट्टीच झिजते. हिवाळ्यातली माशी ती मंद ठेवते, एकमेकींना बिलगून, जेमतेम जीव राहील एवढीच. "सगळं आम्हालाही कळलेलं नाही, काकू. पण माशीचं वय दिवसांवर मोजायचं नसतं एवढं नक्की. तिनं किती जाळलं त्यावर ते ठरतं."

"आणि त्या गुणगुणतात तेव्हा?"

"तेव्हा भट्टी पेटलेली असते. पंख न हलवता नुसते उडायचे स्नायू हलवतात, तो आवाज. कुणी दचकवलं की सगळा घोळका जागा होतो, तापतो. एखाद्या वेळेनं काही होत नाही. पण पुन्हा पुन्हा झालं तर आतली ऊब उतरतच नाही. राणीला वाटतं वसंत आला, ती अंडी घालायला लागते. मग पिल्लांना भरवायचं, म्हणजे स्वतःच्या अंगातली शिदोरी काढून द्यायची. त्या थंडीनं मेल्या नाहीत, काकू. म्हाताऱ्या होऊन मेल्या."

पावलाने भिंग खाली ठेवले. तिचा हात मेजावर होता, तो तिने उचलून मांडीवर घेतला.

उर्शा आता स्वतःशीच बोलल्यासारखी बोलत होती. फळ्या कोमट आहेत असं तू जानेवारीत म्हणाली होतीस, आणि मी छान म्हणाले. मलाच कळायला हवं होतं. मग ती म्हणाली, उंदीर नाहीत, बघितलं मी. रस्ता लांब आहे, म्हणजे गाड्यांचा हादराही नाही. "सुतारपक्षी येतो का गं इथं? तो थंडीत पेट्यांवर चोच मारतो. रोज येत असला तर असंच होणार."

पावलाला उत्तर देण्याआधी पुष्कळ वेळ मिळाला. निदान पुढे आठवताना तिला तो पुष्कळ वाटे.

"असेल," ती म्हणाली. "मला कुठं ऐकू येतं."

उर्शाने मान डोलावली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पावलाला आपल्या बहिरेपणाची लाज वाटली. त्याचे सोंग केल्याची वाटावी तशी.

*

जेवण झाल्यावर उर्शाने विंकोला सुतारपक्ष्याचे सांगून बोलावून आणले. नको नको म्हणत तो आला, आणि तिघे माश्यांच्या घरात शिरले. विंकोने आधी बाहेरून सगळ्या फळ्या निरखल्या. चोचीची एकही खूण नव्हती. आत येऊन तो म्हणाला, "पोरी, पक्ष्यावर कशाला घालतेस? औषधच ते. तुझ्या कागदावर माझं नाव लिही, म्हणजे एकदाचं सुटेन."

"विंकोकाका, औषध चौदाही पेट्यांना दिलं ना तुम्ही?"

"चौदाही."

"एकाच दिवशी, एकाच बाटलीतून?"

"हो."

"मग या तीन कशा वाचल्या?" तिने खालच्या कोपऱ्याकडे बोट केले. चौकटींच्या राशीमागच्या त्या तीन पेट्यांच्या बाहेरच्या तोंडांशी सकाळी दोन-चार माश्या हलताना तिने पाहिल्या होत्या. "तिथंच असं काय वेगळं आहे, तेच मला कळत नाहीये."

विंको राशीकडे पाहत राहिला. त्यालाही कळत नव्हते. खोलीत फक्त पावलाला कळले होते. तिचा उजवा गुडघा, जो तिने सबंध हिवाळा शिव्या देत वागवला, त्याने तीन पेट्या वाचवल्या होत्या.

उर्शाने चौकटी बाजूला केल्या आणि ती खाली बसली. आत किती जीव आहे ते अजमावायला तिने मधले बोट दुमडले आणि फळीकडे नेले. कुणीही मधपाळ नेतो तसे.

पावलाने तिचे मनगट धरले. इतके घट्ट, की उर्शा दचकली.

"नको. त्यांना वाजवू नकोस." मग तिने स्वतःचा उजवा हात दोघांसमोर धरला. मधल्या बोटाच्या पेरावर पिवळट, कडक घट्टा होता. मागावरची वर्षे सरल्यापासून तिच्या हाताला नवा घट्टा पडला नव्हता. "सुतारपक्षी मीच. रोज चार वाजता. ऐकू येईना म्हणून जोरात, ऐकू येईपर्यंत. नात्सेनं सांगितलं होतं मला, हात लावू नका म्हणून. मी ऐकलं होतं."

उर्शाने हळूच आपले मनगट सोडवून घेतले आणि चौकटी होत्या तशा परत लावू लागली, आवाज न करता, एकेक.

विंको भिंतीला टेकला. "पहिल्या दिवशी कान लाव म्हणालो तो मीच," तो म्हणाला. पावला काही बोलणार होती, पण त्याने हात वर केला. "एकदा म्हणालो होतो. रोज नव्हे." मग तो तिच्या उजव्या बाजूला आला, नात्से येई तसा. "दोन आठवडे झाले, मी ती बाटली उशाशी घेऊन झोपतो. सकाळी उठून पुन्हा वाचतो. उर्शाला तू सुतारपक्षी असेल म्हणालीस, तेव्हा मी तुला आठवलो का गं?"

"आठवलास."

"मग ठीक," विंको म्हणाला, आणि त्यात ठीक असे काही नव्हते. दारातून तो वळला. "हे इथं सांगून काय उपयोग? पेट्यांना माहीतच आहे. उद्या चर्चमधली मिस्सा झाल्यावर खानावळीत सांग."

*

तिच्या वयाच्या बाया त्या खानावळीत एकट्या जात नसत. रविवारी मिस्सा संपल्यावर ती गेली. पुरुष पेले घेऊन उभे होते. तिने दारातच, गिरणीत बोलायची त्या आवाजात, सगळे सांगितले. औषध बरोबर होते. माश्यांना मी मारले. कसे मारले तेही सांगितले. मागच्या मेजावर कुणीतरी हसले आणि म्हणाले, नवरा जिवंत असताना बोलली असती तर. पावलाला ते ओठांवरून कळले. त्या माणसाचे म्हणणे तिला खोडता येण्यासारखे नव्हते. उंबऱ्याशी उर्शा उभी होती. तिने काकूचा हात धरला नाही, फक्त वाट करून दिली.

किल्ली त्याच संध्याकाळी विंकोच्या खिळ्यावर परत आली असे म्हणतात. तो मात्र तिच्याकडे आला नाही.

पुढचे तीन आठवडे पावलासाठी मोठे अवघड गेले. खाली तीन पेट्या होत्या, त्या आहेत की गेल्या हे कळायचा एकच मार्ग तिला माहीत होता, आणि तोच बंद होता. चार वाजले की तिचे पाय आपोआप दाराशी जात. मग ती परत येऊन खिडकीशी बसे, दोन्ही हात मांड्यांखाली घालून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. त्या बसण्यात तिला कळले की नात्सेही याच खिडकीकडे पाठ करून इतकी वर्षे बसला होता, आणि तिच्या उत्तरासाठी त्याने कधी टकटक केली नव्हती. वाट पाहिली असेल. किंवा सोडून दिली असेल. यातले कोणते, ते आता विचारायची सोय नव्हती.

एप्रिलच्या सुरुवातीला ओढ्याकाठची वाळुंजे पिवळी झाली. त्या दुपारी विंको कुंपणापलीकडून आला, घराकडे न येता सरळ उतारावरून खाली गेला. पावला शाल घेऊन मागोमाग गेली आणि माश्यांच्या घराला वळसा घालून पुढच्या बाजूला, पेट्यांपासून जरा दूर, थांबली. वर सैतान जीभ परजत होता. त्याच्या पेटीचे तोंड मोकळे पडले होते. खालच्या ओळीत दोन पेट्यांशी माश्या उतरत होत्या, पायांना पिवळे गोळे घेऊन. तिसरीशी काही नव्हते.

विंको तिच्याकडे वळून काहीतरी बोलला. हळू बोलला. मुद्दाम की सवयीने, कोण जाणे. मोठ्याने बोल असे ती म्हणाली नाही. दोन पावले पुढे जाऊन ती त्याच्या ओठांकडे पाहू लागली. शालीच्या आत तिने आपला उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता.